मंद लाइनवर मोठी फाइल उतरवताना

गेल्या डिसेंबरात भाचीचा फोन आला. "मामा, परत पहिल्यापासून सुरू झालं रे. तिसऱ्यांदा!"

तिचं घर देवगडपासून आत, एका वाडीत. टॉवर टेकडीपल्याड, आणि घरात रेंज मिळते ती फक्त माजघराच्या खिडकीत. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारं फुकटचं लिनक्स, टाकायचं ठरवलं. फाइल सहा जीबीच्या आसपास, मोबाइलचा पॅक रोज २ जीबीचा. ब्राउझरमधून डाउनलोड लावायचं, कोटा संपला की लाइन रांगायला लागायची, मग कधीतरी डाउनलोड मान टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात. तीन दिवसांत मिळून साडेपाच जीबी डेटा जळाला होता. म्हणजे जवळजवळ अख्खी फाइल तिच्या घरी येऊन गेली होती, फक्त साठली नव्हती.

मंद लाइनवाल्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. लाइन हळू असेल तर वाट बघता येते. तुटली की मात्र केलेलं सगळं पाण्यात जातं, आणि ते वाचवायची सोय फुकटात उपलब्ध असूनही नव्या माणसाला कुणी सांगत नाही. तिला फोनवर जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, त्याची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती.

आधी कागद-पेन्सिल

कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट), फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. "१० एमबीपीएसची लाइन आहे, मग सेकंदाला १० एमबी का येत नाही?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच. १० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त सव्वा एमबी येईल, प्रत्यक्षात थोडं कमीच.

तोंडी हिशेबाला एक वाक्य पाठ करा: १ एमबीपीएसच्या लाइनवर १ जीबीला सव्वादोन तास. बाकी सगळं त्रैराशिक. २ एमबीपीएसवर तोच जीबी सव्वा तासाच्या आत येतो. सहा जीबीची फाइल २ एमबीपीएसवर पावणेसात तास घेईल. वर तासभर लाइनच्या लहरीसाठी धरा, म्हणजे एक पूर्ण रात्र झाली. २ एमबीपीएस हा आकडा मी मुद्दाम घेतला. सरकारने जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली, तेव्हा किमान वेग म्हणून हाच ठरवला. त्याआधी ५१२ केबीपीएसलाही, म्हणजे जवळपास अर्ध्या एमबीपीएसलाही, ब्रॉडबँड म्हणत.

दुसरा आकडा कोटा संपल्यानंतरचा. बऱ्याच मोबाइल पॅकमध्ये रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. "बंद तर पडत नाही ना, चालू राहू दे" असं वाटतं खरं, पण त्या वेगाने १ जीबीला जवळपास ३५ तास लागतात. त्या अवस्थेत डाउनलोड चालू ठेवणं म्हणजे ते तुटायची वाट बघत बसणं. कोटा संपला की स्वतःच थांबवा.

वेग मोजायला स्पीड टेस्टच्या साइट आहेत, पण त्या दहा सेकंदांचा वेग दाखवतात आणि तेवढ्यासाठी डेटाही खातात. त्यापेक्षा हवी ती फाइलच पाच मिनिटं उतरवून बघा आणि किती एमबी आले ते लिहून ठेवा. एकदा रात्री नऊला आणि एकदा पहाटे पाचला हे केलंत तर दोन आकड्यांत केवढा फरक पडतो ते कळेल. गावात संध्याकाळी सगळे एकाच टॉवरवर मालिका बघत असतात.

लहान फाइल चालेल का?

हा प्रश्न कुणी स्वतःला विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथेच. भाचीला उबुंटूच हवं होतं असं नव्हतं. तिला जुन्या लॅपटॉपवर नीट चालणारं काहीतरी हवं होतं. लिनक्स मिंट हा उबुंटूचाच भाऊबंद, त्याची फाइल तीन जीबीच्या आत-बाहेर असते. म्हणजे एका प्रश्नात निम्मं काम संपलं. कुठलंही सॉफ्टवेअर उतरवण्याआधी हे बघून घ्या. फक्त कागदपत्रं लिहायची असतील तर लिब्रेऑफिसचा विंडोजसाठीचा अख्खा इन्स्टॉलर साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे. त्यासाठी कित्येक जीबीचं ऑफिस पॅकेज ओढायची गरज नाही.

पण लहान दिसणारी प्रत्येक फाइल खरोखर लहान नसते. बऱ्याच कंपन्या हल्ली डाउनलोडच्या बटणावर दोन-चार एमबीचा ऑनलाइन इन्स्टॉलर देतात. तो उघडला की खरा माल मागच्या दाराने यायला लागतो. तो किती आहे, कुठवर आला, तुटला तर पुन्हा तिथून सुरू होईल का, यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर तोच माल दोनदा येतो. म्हणून पानावर खाली कुठेतरी ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ किंवा ‘स्टँडअलोन’ असं लिहिलेला दुवा आहे का ते शोधा. असतो बऱ्याचदा, फक्त ठळक नसतो. डेबियन या आणखी एका लिनक्सची नेटइन्स्ट नावाची छोटी फाइल असते, तिचंही तसंच आहे. ती फाइल एक जीबीच्या खाली असते खरी, पण डेस्कटॉप हवा असेल तर उरलेलं सगळं बसवताना ओढून घेते. तुटक्या लाइनवर मी ती नवख्या माणसाला सुचवणार नाही.

आणि क्लिक करण्याआधी नाव नीट वाचा. तुमचा कॉम्प्युटर ६४ बिटचा आहे की ३२चा, नेहमीच्या इंटेल-एएमडी चिपचा आहे की एआरएमचा, हे न बघता फाइल घेतली तर अख्खी रात्र वाया जाते. मी स्वतः एकदा सव्वा जीबीची एआरएमची फाइल घेऊन बसलो होतो, दोष कुणाला देणार?

पानावर तीन-तीन हिरवी बटणं ‘डाउनलोड’ म्हणून लुकलुकत असतील तर त्यातली दोन जाहिरातीची असतात. सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याच्याच साइटवर जा. गूगलमध्ये वर येणाऱ्या पहिल्या ‘फ्री डाउनलोड’वर नको.

वीस एमबीची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. फाइल देणारा सर्व्हर दोन प्रकारचा असतो. एकाला "मला २० एमबीच्या पुढचं दे" असं सांगता येतं आणि तो तेवढंच देतो. दुसरा दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो. तांत्रिक भाषेत पहिला २०६ क्रमांकाचं उत्तर पाठवतो, दुसरा २००. तुम्हाला हे क्रमांक कुठे दिसायचे नाहीत, पण परीक्षा घेता येते.

डाउनलोड सुरू करा. वीसेक एमबी आले की पॉज करा. वायफाय बंद करून मिनिटभराने चालू करा. मग रिझ्यूम दाबा. आकडा वीसवरून पुढे सरकला तर बिनधास्त रात्रीवर टाका. शून्यावर आला तर तो दुवा सोडा आणि त्याच फाइलचा दुसरा स्रोत बघा. लिनक्सच्या बाबतीत हे सोपं असतं, कारण एकच फाइल जगभरच्या पन्नास ठिकाणी ठेवलेली असते. त्यांना मिरर म्हणतात. उतरवायच्या पानावर देशांच्या नावांनी यादी असते, त्यातला भारतातला किंवा जवळचा मिरर घ्या. ही परीक्षा दिवसा, जागेपणी घ्या. रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही.

क्रोम आणि फायरफॉक्सलाही रिझ्यूम येतं. क्रोमच्या अर्धवट फाइलच्या नावाला शेवटी ‘सीआरडाउनलोड’ असं शेपूट असतं, फायरफॉक्सच्या नावाला ‘पार्ट’. पण ब्राउझर मुळात पानं बघण्यासाठी आहे. लाइन तुटली की तो थोडा वेळ धीर धरतो, मग डाउनलोड फसल्याचं जाहीर करून मोकळा होतो आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. पहाटे तीनला बटण कोण दाबणार? आणि ते अर्धवट शेपूटवालं काहीतरी कचरा म्हणून कुणी पुसून टाकलं तर मग विषयच संपला. भाचीने एकदा तेच केलं होतं.

डाउनलोड मॅनेजर

हे काम रात्रभर राखण करणाऱ्याचं आहे, म्हणून डाउनलोड मॅनेजर घ्यायचा. लाइन तुटली की तो पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो, आणि उघडलं की जिथे थांबलं होतं तिथून पुढे नेतो. विंडोजवर फ्री डाउनलोड मॅनेजर पुरेसा आहे, पैसे लागत नाहीत. इंटरनेट डाउनलोड मॅनेजर बरेच जण वापरतात, पण तो विकतचा आहे. त्याची ‘क्रॅक’ प्रत शोधत फिरू नका. व्हायरस घरी आणायचा तो राजमार्ग आहे.

फ्री डाउनलोड मॅनेजर बसवला की पुढचं असं:

१. ब्राउझरमध्ये डाउनलोडच्या बटणावर उजवी क्लिक करून दुवा कॉपी करा.

२. मॅनेजरमध्ये अधिकच्या चिन्हावर दाबून तो दुवा चिकटवा. फाइलचा आकार दिसला पाहिजे. आकाराच्या जागी काहीच नसेल तर बहुधा दुवा पानाचा आहे, फाइलचा नाही.

३. कुठे साठवायची ते निवडा. सी ड्राइव्हवर जागा कमी असेल तर दुसरा ड्राइव्ह घ्या. झिप फाइल असेल तर ती आणि तिच्यातून उघडलेलं सामान दोन्ही मावतील, म्हणजे निदान अडीच-तीन पट जागा मोकळी ठेवा.

४. वीस एमबीची परीक्षा इथेही घ्या.

५. रात्रीची वेळ लावायची असेल तर त्या डाउनलोडवर उजवी क्लिक करून शेड्यूल निवडा.

खिडकीत डाव्या कोपऱ्यात खाली गोगलगायीचं चित्र असतं. ते दाबलं की डाउनलोड हळू होतं. घरात कुणाचा व्हिडिओ कॉल असेल तेव्हा ते वापरायचं. डाउनलोडला सगळी लाइन दिली की बाकीच्यांचं साधं व्हॉट्सॲपही अडकतं. दिवसा चालवायचंच असेल तर लाइनच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर मर्यादा घाला. डाउनलोड थोडं उशिरा संपेल पण घरात भांडण होणार नाही.

मॅनेजरमुळे वेग चौपट होतो अशी जाहिरात असते, ती मनावर घेऊ नका. तो एका फाइलचे आठ-दहा तुकडे करून एकाच वेळी ओढतो. सर्व्हर लांब असेल किंवा दर जोडणीला ठरावीकच वेग देत असेल तेव्हा याचा फायदा होतो. तुमची लाइनच २ एमबीपीएसची असेल तर आठ नळ लावले तरी टाकीत येणारं पाणी तेवढंच. उलट काही सर्व्हर जास्त जोडण्या बघून चिडतात आणि दारच बंद करतात. दोन-चार पुरेत.

लिनक्सवर असाल तर डब्ल्यूगेट नावाचं छोटं साधन बहुधा आधीपासून असतं. त्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि लहान सी, मग दुवा, एवढं दिलं की ते अर्धवट फाइल पुढे चालू करतं. आरिया-टू त्याहून हुशार आहे, पण नव्या माणसाला त्याची घाई नाही.

दुव्याची मुदत ही एक वेगळीच भानगड आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ (बसवायची अख्खी फाइल) घेता तेव्हा मिळणारा दुवा २४ तासच चालतो. सहा जीबी २४ तासांत उतरवायची तर सरासरी ०.५६ एमबीपीएस तरी हवेत, तेही न थांबता. रोज रात्री थोडं-थोडं असं तीन रात्री करायचं ठरवलंत तर दुसऱ्या रात्री दुवा मेलेला असतो. अशा वेळी डाउनलोड पुसू नका. त्याच पानावरून तीच आवृत्ती, तीच भाषा निवडून नवा दुवा घ्या आणि मॅनेजरमध्ये त्या जुन्याच नोंदीचा दुवा बदला. फाइल तीच असेल तर काम पुढे चालू होतं. म्हणूनच पहिल्या दिवशी कुठली भाषा, कुठली आवृत्ती निवडली ते कागदावर लिहून ठेवा.

टोरेंट म्हणजे चोरी नव्हे

भाचीला मी शेवटी टोरेंटच लावायला सांगितलं. ती दचकली. "पकडतील ना?" टोरेंट म्हणजे पायरेटेड सिनेमे हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की सज्जन माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. पण २००१ साली ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरने बनवलेली ती फाइल वाटायची एक पद्धत आहे, बस. उबुंटू, मिंट, डेबियन हे सगळे आपल्या अधिकृत पानावर टोरेंट ठेवतात. चोरीचा माल उतरवला तर गुन्हा मालामुळे होतो, पद्धतीमुळे नाही.

तुटक्या लाइनसाठी तर ती पद्धत जणू बेतूनच केली आहे. फाइलचे छोटे-छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेला ओळखीचा क्रमांक, टोरेंटमध्येच नोंदवलेला असतो. तुकडा आला की तो ठशाशी ताडून बघितला जातो. खराब असेल तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, आठवडाभर विसरलात, तरी पुन्हा सुरू केलं की आधी काय-काय आलंय ते तपासून तो पुढे निघतो. दुव्याला मुदत नाही.

क्यूबिटटोरेंट हा फुकट आणि बिनजाहिरातीचा प्रोग्रॅम त्यासाठी चांगला. मिंटच्या पानावरून छोटीशी टोरेंट फाइल घ्यायची, ती क्यूबिटटोरेंटमध्ये उघडायची, जागा निवडायची. पण दोन गोष्टी लगेच बदला. एक, अपलोडवर मर्यादा घाला. टोरेंटमध्ये आपणही इतरांना तुकडे देत असतो, आणि मोबाइल पॅकमध्ये चढवलेला डेटाही कोट्यातून कापला जातो. शिवाय अपलोडची वाट गच्च भरली की डाउनलोडही मंदावतं, कारण प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती त्याच वाटेने परत जायची असते. दोन, फाइल पूर्ण झाली की टोरेंट थांबवा, नाहीतर ते वाटप करत बसेल. लाइन अमर्याद असेल तर मात्र राहू द्या थोडे दिवस. आपल्याला कुणीतरी असंच दिलेलं असतं.

काही कॉलेजं आणि होस्टेलं टोरेंट अडवतात. तिथे मॅनेजरच बरा.

रात्रीची तयारी

रोजचा कोटा बहुतेक पॅकमध्ये रात्री बाराला नवा होतो. म्हणजे दिवसभर एक जीबी वाचवला आणि अकराला सुरुवात केली, तर एकाच रात्रीत आजचा उरलेला एक आणि उद्याचे दोन असे तीन जीबी हाताशी येतात. दुसऱ्या दिवशी डेटा उरत नाही, तेवढं सोसायचं. काही पॅकमध्ये मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा डेटा मोजतच नाहीत. आपल्या पॅकचे बारीक अक्षरांतले नियम वाचा. पूर्वी बीएसएनएलच्या एका गाजलेल्या ब्रॉडबँड योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं. त्या काळात दोनचा गजर लावून उठणारी एक अख्खी पिढी होती. आता शेड्यूल आहे, गजर नको.

लॅपटॉप झोपला की डाउनलोडही झोपतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीप ‘नेव्हर’ करा. झाकण बंद केल्यावर काय व्हावं याचं वेगळं सेटिंग असतं, तेही बघा, कारण आई रात्री उठून "लाइट चालू राहिला वाटतं" म्हणत झाकण मिटतेच. पडदा बंद व्हायला हरकत नाही. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या.

विंडोज स्वतःचे अपडेट नेमके त्याच रात्री ओढायला बसतं, कधीकधी स्वतःला रीस्टार्टही करतं. त्यावर उपाय म्हणजे त्या वायफायच्या गुणधर्मांत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करणं. तेवढ्याने बहुतेक अपडेट थांबतात. शिवाय अपडेट आठवडाभर पॉज करता येतात. फोनवर फोटोंचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट बंद ठेवा. फोटो वर चढायला लागले की डाउनलोड अडखळतं, कारण वर सांगितलंच.

हॉटस्पॉटवर असाल तर फोन वायफायने जोडण्याऐवजी यूएसबी टेदरिंग करा. केबलने जोडलेला फोन चार्जही होत राहतो, लाइनही कमी तुटते, आणि कुणी जोडलेलं नाही म्हणून हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा प्रश्न राहत नाही. केबल थोडी लांब घ्या, म्हणजे फोन रेंज मिळते त्या खिडकीत आणि लॅपटॉप टेबलावर. भाचीकडे मीटरभराची केबल होती. मग लॅपटॉपच स्टुलावर चढवून खिडकीशी नेला.

राउटर असेल तर लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाका. आणि वीज जाणारं गाव असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारांच्या घरात. तुमचा राउटर किती व्होल्टचा ते त्याच्या अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. तेवढं जुळवून घ्या. लॅपटॉपला बॅटरी आहेच. मग अर्धा-पाऊण तास वीज गेली तरी काही बिघडत नाही, पलीकडे कंपनीच्या बाजूला वीज असली म्हणजे झालं.

ठसा जुळवा

फाइल आली म्हणजे काम झालं असं नाही. तुटत-जोडत आलेल्या फाइलमध्ये एखादा तुकडा बिघडलेला असू शकतो, आणि तो बसवताना मध्येच रडतो. म्हणून मोठ्या सॉफ्टवेअरच्या पानावर शा-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा एक क्रमांक दिलेला असतो. फाइलच्या अंगठ्याचा ठसाच तो. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी सगळा क्रमांक वेगळा येतो.

विंडोजवर सोपी वाट म्हणजे सेव्हन-झिप. दीड-दोन एमबीचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो बसवला की फाइलवर उजवी क्लिक करून सीआरसी-शा या यादीतून शा-२५६ निवडायचं. मिनिटभरात क्रमांक येतो. पानावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तर अपघाती बिघाड नाही हे नक्की. पण सगळी जुळवून बघण्याचा आळस कशाला? जुळलं नाही तर घाबरून फाइल पुसू नका. त्याच फाइलचं टोरेंट उघडा, साठवायची जागा तीच दाखवा आणि नाव तेच राहू द्या. तो आहे ते तपासतो आणि खराब तुकडे तेवढे नवे आणतो. तीन जीबीची फाइल दोन-चार एमबीत दुरुस्त झालेली मी बघितली आहे.

ठशाला दुसरंही कारण आहे. २० फेब्रुवारी २०१६ला याच लिनक्स मिंटच्या साइटमध्ये हल्लेखोर घुसले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलून आत चोरदार ठेवलेली फाइल लोकांच्या गळ्यात मारली. मिंटने स्वतःच ते जाहीर केलं. ज्यांनी टोरेंटने घेतली होती त्यांना काही झालं नाही. "टोरेंट धोक्याचं, साइटवरून घेतलेलं सुरक्षित" असं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवतो. साइटच फुटली तर तिच्यावरचा ठसाही बदलता येतो, म्हणून तोच क्रमांक एखाद्या मिररवरही बघून घ्यावा.

आणि तरीही जमत नसेल तर

काही फाइली घरच्या लाइनवर येणारच नाहीत. शंभर जीबीचा गेम १ एमबीपीएसवर नऊ-सव्वानऊ दिवस घेईल. अशा वेळी फाइल पुण्या-मुंबईच्या फायबरवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. यात कमीपणा काही नाही. ६४ जीबीचा भरलेला पेनड्राइव्ह घेऊन एसटी पुण्याहून दहा तासांत देवगडला पोचली, तर हिशेब होतो १४ एमबीपीएसचा. लालपरी बऱ्याच टॉवरना मागे टाकते! उबुंटूची कंपनी २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवायची. त्या पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या सीड्या अजून माझ्या खणात आहेत.

पेनड्राइव्हचा एक सापळा मात्र सगळ्यांना एकदा तरी अडकवतो. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे दिसतात आणि कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. एक्सफॅटने फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून ठेवा), किंवा सेव्हन-झिपने फाइलचे दोन-दोन जीबीचे तुकडे पाडून न्या. घरी आल्यावर ठसा पुन्हा जुळवा. स्वस्त पेनड्राइव्हवर कॉपी करतानाही फाइल बिघडते.

रेल्वे स्टेशनच्या वायफायचं बरेच जण विचारतात. २०१६च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून ते सुरू झालं. रोजचा पहिला अर्धा तास फुकट असतो. तेवढ्यात १ एमबीपीएस मिळाला तर सव्वादोनशे एमबी येतील. लिब्रेऑफिसही पूर्ण होणार नाही. गाडी उशिरा असेल तर करून बघा, पण अशा जागी बँकेचं काही उघडू नका आणि आणलेल्या फाइलचा ठसा नक्की बघा.

एकदा आलेली फाइल जपून ठेवा, नावात आवृत्ती असू द्या. एकाच घरात दोन विंडोज कॉम्प्युटर असतील तर अपडेटच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून एक सोय आहे. ती चालू करून ‘स्थानिक नेटवर्कवरचे कॉम्प्युटर’ निवडलं की एकाने आणलेले अपडेट दुसरा घरातल्या घरात घेऊ शकतो. स्टीमवर गेम खेळणाऱ्यांसाठीही २०२३पासून अशीच सोय आहे.

भाचीचं मिंट दुसऱ्या रात्री साडेतीनच्या सुमारास पूर्ण झालं. मध्ये दोनदा वीज गेली होती आणि एकदा मांजराने केबल ओढली होती. सकाळी तिने ठसा वाचून दाखवायला फोन केला, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, मी चहा पीत ऐकली. आता तिच्या खणात मिंटचा पेनड्राइव्ह आहे आणि वाडीतली चार घरं तो मागून नेतात. बसवल्यावर मिंटने पहिल्याच दिवशी काही शे एमबीचे अपडेट मागितले, तेव्हा "बाराला लावू ना?" एवढंच विचारणारा मेसेज आला.